पकडलेल्या जहाजाचं पुढे काय होतं?

(बदलापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय कळवा म्हणून चिटणीसांचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं की समुद्रावरची सुरक्षा आणि दूरदूरच्या देशांमधलं सहकार्य यावर बोलेन. ते थोडे थांबले. मग म्हणाले, "सर, आपल्याकडे लोकांना पुराबद्दल ऐकायला जास्त आवडेल." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. उल्हास नदीकाठच्या माणसाला पाणी म्हटलं की जुलै महिना आठवतो. पण त्याच जुलैच्या कृपेने नौदल बदलापूरला येऊन गेलेलं आहे. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारएक प्रवासी डब्यांत होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या आणि त्यांच्या जोडीला नौदलाचे पाणबुडेही आले. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या माणसाची गाठ नौदलाशी पडावी, हे आपल्या मध्य रेल्वेवरच घडू शकतं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर भूगोल शिकवायचे. कुठल्याही वस्तूचं नाव काढलं की ती कुठल्या बंदरातून आली, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता.

समुद्र इथून दिसत नाही, पण तो फार लांबही नाही. आपल्या दारातलं पाणी कल्याणच्या खाडीत जातं आणि कल्याण हे बंदर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कल्याणचा उल्लेख आहे, आणि तो गमतीदार आहे. पूर्वी इथे रीतसर व्यापार चालत असे, पुढे राज्यकर्ते बदलले आणि अडवणूक सुरू झाली. चुकून इथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला पाठवलं जाई, असं तो सांगतो. म्हणजे आपल्या परिसराबद्दलच्या अगदी जुन्या सागरी नोंदींपैकी ही एक, आणि तीसुद्धा पकडलेल्या जहाजांची. त्या जहाजांचं भडोचला गेल्यावर काय झालं, हे त्याने लिहिलेलं नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 मधलं, म्हणजे 1060 सालचं. ते उभारणारे शिलाहार राजे समुद्राकडे डोळे लावून बसलेले होते, कारण त्यांची तिजोरी बंदरांवर भरत होती. मंदिरानंतर चौतीस वर्षांनी, 1094 मध्ये, त्याच घराण्यातल्या अनंतदेवाने दिलेला ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्यात दोन व्यापारी भावांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चेऊल आणि नागाव या बंदरांत जकात माफ केली आहे. चार बंदरांची नावं, कोणाला सूट, कोणत्या करातून, सगळं स्पष्ट लिहिलेलं. समुद्राचा कारभार म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आधी हा ताम्रपट दाखवीन. समुद्रावर कोणाचं काय चालतं, हे शेवटी जमिनीवर कोरून ठेवावं लागतं. पुढे 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर याच खाडीत त्यांची गलबतं बांधली जाऊ लागली. पण आज मला आरमाराच्या पराक्रमावर बोलायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले बोलतात.

मला बोलायचं आहे ते जहाज पकडल्यानंतरच्या गोष्टीबद्दल. युद्धनौकेने चाच्यांना धरलं की बातमी पहिल्या पानावर येते. नंतरचं काम पोलीस ठाणं, पंच, दुभाषी, सरकारी वकील आणि तुरुंगाधिकारी यांचं असतं, आणि ते पान अकराच्या खाली कुठेतरी चार ओळींत जातं. माझं म्हणणं असं आहे की दोन दूरच्या देशांमधलं सहकार्य खरं की नुसतं भाषणातलं, हे त्या चार ओळींत कळतं. याचा सगळ्यात चांगला दाखला मुंबईत घडला आहे.

22 ऑक्टोबर 1999 रोजी 'अलोंड्रा रेनबो' नावाचं मालवाहू जहाज सुमात्रा बेटावरच्या कुआला तांजुंग बंदरातून निघालं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान आणि चीफ इंजिनिअर जपानी, बाकीचे पंधरा खलाशी फिलिपिनो. पोटात सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमच्या लाद्या होत्या आणि त्या जपानच्या मिइके बंदरात पोचवायच्या होत्या. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात हत्यारबंद टोळी जहाजावर चढली. खलाशांना काही दिवस दुसऱ्या जहाजावर डांबून ठेवलं आणि मग एका तराफ्यावर सोडून दिलं. सतरा माणसं दहाएक दिवस त्या तराफ्यावर पाण्यात होती. थायलंडच्या एका मासेमारी बोटीला ती फुकेतजवळ सापडली. सगळे जिवंत निघाले. या गोष्टीतलं पहिलं सहकार्य हे, आणि ते कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. कोळ्याला माणसं दिसली, त्याने ती उचलली.

दरम्यान जहाजाने नाव बदललं. बाजूवरचं नाव खरवडून 'मेगा रामा' लिहिलं गेलं आणि बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या लहानशा देशाचा झेंडा चढला. थोडा माल वाटेतच विकलाही गेला. क्वालालंपूरमध्ये इंटरनॅशनल मेरिटाइम ब्युरोचं चाचेगिरीच्या खबरी गोळा करणारं केंद्र आहे. त्याने अशा बांध्याचं, अशा रंगाचं जहाज कोणाला दिसलं तर कळवा, असा संदेश समुद्रावरच्या जहाजांना पाठवला. अरबी समुद्रातून जाणाऱ्या एका कुवेती टँकरला ते दिसलं. खबर क्वालालंपूरला गेली, तिथून भारतीय तटरक्षक दलाकडे आली. मग 'ताराबाई' ही तटरक्षक दलाची गस्ती नौका पाठलागाला लागली. हे नाव मी रचलेलं नाही. करवीरच्या ताराराणींच्या नावाची नौका जपानचं जहाज सोडवायला निघाली. इशाऱ्याच्या फैरी झाडूनही ते थांबेना, तेव्हा नौदलाची 'प्रहार' सोबतीला आली आणि 16 नोव्हेंबर 1999 रोजी जहाज हाती लागलं. आतल्या लोकांनी तोवर ते पेटवायचा आणि बुडवायचा प्रयत्न केला होता. पंधरा इंडोनेशियन पकडले गेले. जहाज ओढून मुंबईला आणलं.

आता इथून पुढे नीट ऐका. मालक जपानचा, झेंडा पनामाचा, गुन्हा मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या बाजूला झालेला, फिर्यादी फिलिपाइन्सला घरी परतलेले, आरोपी इंडोनेशियाचे, पकडलं भारताने. मुंबईच्या सत्र न्यायालयाने हा खटला कुठल्या कायद्याखाली चालवायचा? चाचेगिरीला विरोध करणारं आंतरराष्ट्रीय कायद्यातलं कलम आपल्याला मान्य होतं. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार आपण 1995 मध्येच मंजूर केला होता, आणि त्यात खुल्या समुद्रावरच्या चाच्याला कोणताही देश पकडू शकतो असं आहे. पण आपल्या भारतीय दंड संहितेत चाचेगिरी या गुन्ह्याची व्याख्याच नव्हती. तिच्यात दरोडा होता, खुनाचा प्रयत्न होता, आणि दुसऱ्या कायद्यात परवान्याविना देशात शिरणं होतं. मग जे हाती होतं त्यावर आरोपपत्र उभं राहिलं, आणि अधिकारक्षेत्रासाठी एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश ॲडमिरल्टी कायद्याचा टेकू घ्यावा लागला. राणीच्या सरकारने वसाहतींसाठी केलेल्या कायद्याने एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जपानी जहाजाचा निवाडा होत होता.

फेब्रुवारी 2003 मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. जगभरच्या जहाज कंपन्यांनी भारताची पाठ थोपटली. परक्या देशाने, परक्या जहाजासाठी, परक्या चाच्यांवर खटला पुरा केल्याची उदाहरणं त्या काळात फार नव्हती. एप्रिल 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींची सुटका केली. निकालाच्या कायदेशीर बारकाव्यात मी शिरत नाही, ते वकिलांचं काम. मला एवढंच दिसतं की समुद्रावर तटरक्षक दलाने जे काम काही दिवसांत केलं, ते जमिनीवर टिकवायला आपल्याकडे हत्यारच नव्हतं.

जपानने मात्र हा प्रसंग विसरायचं नाकारलं. आशियातल्या देशांनी चाचेगिरीच्या खबरी एकमेकांना द्याव्यात म्हणून जपानने पुढाकार घेतला आणि 2004 मध्ये सोळा देशांनी एक करार पक्का केला. रीकॅप या नावाने तो ओळखला जातो. सप्टेंबर 2006 मध्ये तो लागू झाला आणि सिंगापूरला त्याचं केंद्र सुरू झालं. भारत पहिल्यापासून त्यात आहे. पुढे नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे लांबलांबचे देशही आत आले, कारण त्यांची जहाजं त्याच वाटेने जातात. इंडोनेशिया आणि मलेशिया, ज्यांच्या काठाने मलाक्काची सामुद्रधुनी जाते, ते दोघे मात्र सदस्य झाले नाहीत. क्वालालंपूरचं खबर केंद्र आधीपासून असताना सिंगापूरला नवं का, शेजाऱ्याच्या घरी बसून आपल्या पाण्याची चौकशी का, असे मुद्दे होते. मला यात आश्चर्य वाटत नाही. नॉर्वेला मलाक्काबद्दल बोलताना काही गमवायचं नसतं. इंडोनेशियाला असतं. दूरच्याशी सहकार्य सोपं जातं, ते अवघड होतं कुंपणाला लागून असलेल्या शेजाऱ्याशी. ठाणे जिल्ह्यात नगरपालिकांमध्ये पाण्याच्या वाटपाच्या बैठकीला जो बसला असेल, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग सोमालियाच्या चाच्यांचं प्रकरण आलं. 2008 च्या ऑक्टोबरपासून आपलं नौदल एडनच्या आखातात गस्त घालू लागलं. युरोपीय देशांचं आरमारही तिथे आलं. पण पकडलेल्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांपुढे होता. कित्येकदा हत्यारं काढून घेऊन त्यांना परत किनाऱ्याला सोडून दिलं जाई. 2009 पासून युरोपीय संघाने केनियाशी आणि मग सेशेल्सशी करार केले. पकडायचं आम्ही, खटले चालवायचे तुम्ही, खर्चाला हातभार आम्ही लावू. श्रीमंत देशांच्या मोठमोठ्या फ्रिगेट आणि मोंबासाच्या न्यायालयात फायलींचा ढीग, असं ते सहकार्य होतं. केनियाने लवकरच कुरकुर सुरू केली, ती मला रास्त वाटते.

आपण कोणाकडे सोपवलं नाही. 2011 च्या जानेवारी ते मार्च या काळात लक्षद्वीपच्या बाजूला चार कारवाया झाल्या आणि 120 संशयित सोमाली चाचे पकडले गेले. चाच्यांनी पळवलेले थाई ट्रॉलर 'मदर शिप' म्हणून वापरात होते, त्यावरचे थाई आणि म्यानमारचे मच्छीमार सुटले. सगळ्या आरोपींना मुंबईला आणलं आणि ठेवलं तळोज्याच्या तुरुंगात. इथून खोणीमार्गे निघालात तर तळोजा किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे. हिंदी महासागराच्या सुरक्षेचा एक मोठा तुकडा काही वर्षं आपल्या शेजारी राहत होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. पुन्हा तोच प्रश्न, कायदा कुठला? पुन्हा दंड संहिता, पुन्हा जुन्या कायद्यांची जुळवाजुळव, आणि आता सोमाली भाषेचा दुभाषी. पंधरा जणांना सात वर्षांची शिक्षा झाली ती 2017 साली. म्हणजे बहुतेक शिक्षा निकालाआधीच भोगून झाली होती. जो न्याय आरोपीला कळायच्या आत संपतो, त्याला दोन्ही बाजूंनी न्याय म्हणणं मला जड जातं.

सोमाली चाच्यांच्या याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे रागाने पुष्कळ आणि शांतपणे थोडं बोललं गेलं. चाच्यांच्या भीतीने जहाज उद्योगाने नकाशावर धोक्याचा पट्टा आखला होता. 2010 मध्ये त्याची पूर्व सीमा 78 अंश रेखांशापर्यंत आणली गेली. नकाशा काढून पाहा, भारताचा पूर्ण पश्चिम किनारा त्यात येतो. नुसत्या रेखांशाने मोजलं तर बदलापूरही त्यात येतं! ही रेघ कुठल्या संसदेने किंवा संयुक्त राष्ट्रांनी आखली नव्हती. ती विमा कंपन्या आणि जहाजमालकांच्या संघटनांची होती. पण तिचा परिणाम असा की त्या पट्ट्यातून जाणाऱ्या जहाजांचा विमा महागला, त्यांच्यावर बंदूकधारी पहारेकरी आले, आणि चाच्यांना टाळायला जहाजं आपल्या किनाऱ्याला चिकटून, कोळ्यांच्या जाळ्यांमधून जाऊ लागली. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळच्या किनाऱ्यापासून वीस-एकवीस सागरी मैलांवर 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मेले. पुढे आठ वर्षं दोन देशांमध्ये तंटा चालला. 2020 मध्ये हेगच्या लवादाने नौसैनिकांवर खटला चालवायचा अधिकार भारताला नाही, पण इटलीने भरपाई द्यावी, असा निवाडा दिला. दहा कोटी रुपये आले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. ती रेघ 2015 च्या डिसेंबरमध्ये 65 अंशांवर मागे गेली. 2023 च्या सुरुवातीला तो पट्टाच रद्द झाला. समुद्राचा कारभार कोण करतं, या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उत्तर ही रेघ आहे. लंडनमधल्या एखाद्या बैठकीत पेन थोडं उजवीकडे सरकलं आणि त्याचा अर्थ कोल्लमच्या जेट्टीवर कळला.

शेवटी डिसेंबर 2022 मध्ये आपल्या संसदेने सागरी चाचेगिरी विरोधी कायदा केला. 'अलोंड्रा रेनबो'नंतर तेवीस वर्षांनी. आता चाचेगिरीची व्याख्या आहे, ठरलेली न्यायालयं आहेत, हत्यारं आणि बळाचा वापर सिद्ध झाला तर आरोपीवर काही गोष्टी शाबीत करायची जबाबदारी येते. त्याची पहिली मोठी परीक्षा लवकरच आली. माल्टाचा झेंडा असलेलं 'रुएन' हे बल्गेरियन मालकीचं जहाज डिसेंबर 2023 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं होतं. 15 मार्च 2024 रोजी आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या विनाशिकेने ते भारतापासून सुमारे 2600 किलोमीटरवर अडवून धरलं. वायुदलाच्या सी-17 विमानाने मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी तिथे समुद्रात उतरवल्या. चाळीस तासांच्या कारवाईनंतर पस्तीस चाचे शरण आले आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले. त्यात बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाची माणसं होती. 23 मार्चला त्या पस्तिसांना मुंबईत येलो गेट पोलीस ठाण्याच्या ताब्यात दिलं. बंदरातलं साधं ठाणं हे, पण माझ्या मते हिंदी महासागराच्या सुरक्षेत त्याचं स्थान एखाद्या युद्धनौकेइतकं आहे.

या कायद्याबद्दल माझी एक तक्रार आहे. चाचेगिरीत कोणाचा मृत्यू झाला तर त्यात फाशीची तरतूद ठेवली आहे. मूळ मसुद्यापेक्षा ती सौम्य केलेली आहे, हे मान्य. पण ज्या देशात फाशी होऊ शकते त्याच्या हाती आरोपी द्यायला युरोपीय देश तयार नसतात. म्हणजे उद्या त्यांच्या नौकेने आपल्या जवळच्या पाण्यात कोणाला पकडलं, तर त्याला मुंबईत आणून खटला चालवणं त्यांना त्यांच्या कायद्याने अवघड जाईल. दूरच्या देशांबरोबर काम करायचं म्हणून कायदा केला आणि त्यातच एक अडसर ठेवला.

माहितीच्या देवाणघेवाणीबद्दल फार बोलत नाही. डिसेंबर 2018 मध्ये नौदलाने हिंदी महासागरासाठी माहिती केंद्र उभं केलं. तिथे फ्रान्स, जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, सेशेल्स अशा देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. ते आहे गुरुग्रामला. समुद्रापासून इतकं लांब की त्यांच्या तुलनेत आपण बदलापूरकर कोळीवाड्यातले ठरू.

सहकार्याचा दुसरा प्रकार मात्र आपल्या अंबरनाथमध्ये आहे आणि त्याची चर्चा इथे फार कमी होते. नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी डीआरडीओची एनएमआरएल ही प्रयोगशाळा. तिची सुरुवात 1953 मध्ये मुंबईच्या गोदीत झाली, नंतर ती अंबरनाथला आली. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या भरायला दर थोड्या दिवसांनी पृष्ठभागाजवळ यावं लागतं, आणि तेव्हा ती शत्रूला सापडते. हवेशिवाय वीज तयार करता आली तर ती पाण्याखाली कितीतरी जास्त राहू शकते. ती व्यवस्था, फॉस्फोरिक ॲसिड इंधनघटावर चालणारी, अंबरनाथच्या या प्रयोगशाळेने विकसित केली. मार्च 2021 मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. आता ती बसवायची आहे माझगाव डॉकने फ्रान्सच्या आराखड्यावर बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीत. त्यासाठी 2023 मध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार झाला आणि डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकबरोबर सुमारे 1,990 कोटी रुपयांचं कंत्राट. पाणबुडी मधोमध कापून त्यात नवा भाग जोडायचा, म्हणजे बांधणाऱ्याच्या मूळ नकाशांशिवाय होणारच नाही. इथे सहकार्य म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांचा हस्तांदोलनाचा फोटो राहत नाही. अंबरनाथच्या एका अभियंत्याने आणि शेरबूरच्या एका अभियंत्याने एकाच आराखड्यावर वर्षानुवर्षं वाद घालायचे असतात. त्याला एक पिढी लागते.

आता एक प्रश्न, जो मला इथल्या माणसाने विचारायलाच हवा असं वाटतं. चाच्याला कोणताही देश पकडू शकतो. मग समुद्रात विष सोडणाऱ्याला का नाही? वालधुनी मलंगगडाच्या डोंगरातून येते, अंबरनाथच्या मंदिराला लगटून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणच्या खाडीत मिळते. 2014 च्या अखेरीस तिच्यात टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वास लागून रुग्णालयात न्यावं लागलं. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पण नदीचा शेवट समुद्रात होतो तिथे कायदा एकदम मवाळ होतो. 1982 च्या सागरी करारात जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाचं कलम आहे. त्यात देशांनी कायदे करावेत, प्रयत्न करावेत, एवढंच आहे. प्लास्टिकच्या जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात काहीही न ठरता संपली. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठीचा करार मात्र झाला, आपण 2024 मध्ये त्यावर सही केली आणि 17 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला आहे. म्हणजे कोणाच्याही हद्दीत नसलेल्या पाण्याला आता थोडंफार संरक्षण आहे, आणि आपल्या हद्दीतल्या खाडीला कमी. याचं कारण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. चाचा नेहमी परका असतो. रसायन सोडणारा आपल्यातलाच असतो, त्याच्या कारखान्यात आपल्यातलीच माणसं कामाला असतात.

उल्हासनगरचं नाव निघालं म्हणून सांगतो. ऑगस्ट 1949 मध्ये राजगोपालाचारींनी कल्याण कॅम्पाला हे नाव दिलं. फाळणीनंतर तिथे आलेल्या सिंधी कुटुंबांपैकी पुष्कळ लोक कराचीहून बोटीने मुंबईला उतरले होते. आणि त्याच्या आधीपासून सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या जपानच्या कोबेपासून माल्टा, जिब्राल्टर, पनामापर्यंत होत्या. 'अलोंड्रा रेनबो'वर पनामाचा झेंडा आणि 'रुएन'वर माल्टाचा, ही नावं आपल्याला शोधून काढावी लागतात. कॅम्प चारमधल्या एखाद्या आजोबांना ती आपल्या घरातल्या गोष्टींतून माहीत असतात.

या दोन झेंड्यांवरून शेवटच्या मुद्द्यावर येतो, कारण समोर काही पालक बसलेले दिसतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांतून दरवर्षी मुलं मर्चंट नेव्हीत जातात. चाचे त्यांना भेटण्याची शक्यता कमी आहे. मालक पगार न देता जहाज आणि माणसं एखाद्या परक्या बंदरात टाकून पळून जाण्याची शक्यता त्यापेक्षा बरीच जास्त आहे. 2024 मध्ये जगात असे टाकून दिलेले खलाशी ज्या ज्या देशांचे होते, त्यात भारतीय सर्वाधिक होते. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, एजंट तिसऱ्यातला, आणि मुलगा शारजाच्या बाहेर नांगरलेल्या जहाजावर. यासाठीसुद्धा दूरच्या देशांनी मिळून एक कायदा केला आहे. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. जानेवारी 2017 पासून त्यात असा नियम आहे की दोन महिने पगार थकला तरी खलाशाला टाकून दिलं असं मानता येतं, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळतो. मात्र तो मिळवायचा तर विम्याचा कागद खरा असावा लागतो.

म्हणून जॉइनिंगच्या आधी एजंटला खलाशी-भरतीच्या आरपीएसएल परवान्याचा क्रमांक विचारा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासा. त्यांचं कार्यालय कांजूरमार्गला आहे, बदलापूर लोकलने जाऊन येता येतं. 'टुरिस्ट व्हिसावर जा, दुबईत जहाज मिळेल' असं कोणी सांगितलं तर तिथेच नमस्कार करा. आणि विम्याचं ते प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावणं बंधनकारक आहे. मुलाने चढल्याच्या दिवशीच त्याचा फोटो काढून घरी पाठवावा, म्हणजे त्यावरचं विमा कंपनीचं नाव आणि मुदत तुम्हाला वाचता येईल.